एकादशीच्या संध्याकाळी समुद्राकाठच्या बागेत: बडोद्याहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा मी आईला आणि भाचीच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन मुंबईच्या समुद्राकाठच्या एका लहानशा बागेत गेले, तेव्हा आमची फेरी दहा मिनिटांत संपली. पोरगा परत दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशीआजी, एवढंच?"

त्याचं चुकलं नव्हतं. आपल्या बडोद्याच्या मुलांना बाग म्हटलं की कमाटीबाग डोळ्यांसमोर येते. महाराजा सयाजीरावांनी १८७९ साली केलेली, शंभर एकरांहून मोठी. त्यात प्राणिसंग्रहालय, म्युझियम, तारांगण, फुलांचं घड्याळ, मुलांची आगगाडी. सकाळी शिरलं तर दुपारच्या जेवणापर्यंत बाहेर पडणं होत नाही. समुद्राकाठच्या मोहल्ल्यातल्या बागेत यातलं काहीच नसतं. एक पायवाट, थोडे बाक, थोडी झाडं, एक कठडा. बघायचं असतं ते कठड्यापलीकडे, आणि ते बघायला वेळ लागतो. शिवाय आम्ही गेलो होतो भर दुपारी, उन्हात, भरती आहे की ओहोटी याची काही चौकशी न करता.

दुसऱ्यांदा गेलो ते एकादशीच्या संध्याकाळी. तेव्हा त्याच पोराला उठवून न्यावं लागलं. या दोन खेपांमध्ये मी जे शिकले ते इथे सांगते आहे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, प्रतापनगरला राहणाऱ्या आणि दादर-माहीम-पार्ल्याला नातेवाईक असणाऱ्या आपल्या लोकांच्या कामी येईल.

निघण्याआधी: म्युझियममधला देवमासा

मुलं बरोबर असतील तर मुंबईला जायच्या आधीच्या रविवारी त्यांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्या आणि देवमाशाच्या सांगाड्याखाली उभं करा. ७० फुटांहून लांब आहे तो. १९४४ साली महीच्या मुखाजवळ वाहत आलेल्या देवमाशाचा. आपण लहानपणापासून तो इतक्यांदा पाहिलेला असतो की हा खरोखरच समुद्रातून आला आणि तोसुद्धा आपल्याच बाजूच्या समुद्रातून, हे लक्षात राहत नाही. मुलाला तिथे उभं करून एवढंच सांगा की हा ज्या पाण्यात राहायचा ते पाणी आपण पुढच्या आठवड्यात बघणार आहोत. मग कठड्याशी उभं राहिल्यावर त्याच्या मनात काहीतरी असतं. आमच्या पोराने दुसऱ्या खेपेला पहिला प्रश्न विचारला तो हाच: "इथे मावेल का तो?"

बाग कोणती निवडावी

मुंबईला समुद्राकाठी बागा पुष्कळ आहेत. पहिल्या खेपेला मी बांद्रा पश्चिमेचं जॉगर्स पार्क सुचवते. कार्टर रोडच्या दक्षिण टोकाला आहे. कचरा टाकायच्या जागेवर ही बाग उभी राहिली आणि १९९० साली सुरू झाली. आत जवळजवळ ४०० मीटरची चालायची-पळायची वाट आहे, बसायला बाक आहेत आणि एका अंगाला थेट समुद्र आहे. वयस्क माणसाला सपाट जमिनीवरून पाण्याच्या इतक्या जवळ जाता येतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुहूला किंवा गिरगावला वाळू तुडवावी लागते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाळू फार जड जाते. माझी आई वाळूत वीस पावलांवर थांबते. इथे तिने दोन फेऱ्या मारल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे ही बाग तिथल्या लोकांची रोजची आहे. सहलीला आलेली गर्दी इथे कमी. रोज चालणारे, पळणारे, निवृत्त झालेले, बाबागाडी घेऊन आलेल्या आया. अशा जागी आपणही जरा सावकाश होतो.

दारावर तिकीट असतं ते किरकोळ, म्हणून सुट्टे पैसे वर ठेवा. वेळांचा फलक वाचा. काही बागा दुपारी बंद असू शकतात. एकदा एका बागेच्या बंद दारासमोर चार वाजेपर्यंत ताटकळत, बाजूच्या भिंतीच्या हातभर सावलीत आम्ही तिघं बसलो होतो. वेळ विचारली नव्हती ती मीच.

पंचांग उघडा

आता मुख्य गोष्ट. आपण बाहेर जायची वेळ आपल्या सोयीने ठरवतो. समुद्राकाठी ती पाण्याच्या सोयीने ठरवावी लागते.

आपल्याला बडोद्यात पाणी म्हणजे सुरसागर. काठावरच्या पायऱ्या सकाळी जिथे भिजलेल्या तिथेच संध्याकाळी. समुद्राचं तसं नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती, आणि हे चक्र रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं. कारण चंद्र. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तेवढ्यात चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला तिला ती जादा ५० मिनिटं लागतात. म्हणजे आज पाच वाजता कठड्याला लागलेलं पाणी आठवड्यानंतर पाच वाजता पार दूर गेलेलं असतं आणि समोर नुसते काळे खडक आणि चिखल.

हे समजायला फोन लागत नाही. मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. दर्यावर्दी माणसं हा हिशेब तोंडी करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बारा, दुपारी आणि रात्री. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असं मोजायचं. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी तर फोनवर किंवा मुंबईच्या वर्तमानपत्रात मिळते. पण तारीख ठरवायला स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. माझ्या आईने हे ऐकलं आणि लगेच उठून पानं उलटायला लागली. सत्तर वर्षं ती तिथी बघते आहे, ती उपासासाठी आणि श्राद्धासाठी. समुद्राची वेळही त्याच रकान्यात असते, याचं तिला फार अप्रूप वाटलं.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते. तेव्हाची भरती सगळ्यात मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती लहान, ती भांगाची. मुंबईला उधाणाची मोठी भरती नेहमी दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या आसपासच येते. म्हणून पौर्णिमेच्या संध्याकाळी 'समुद्र खवळलेला असेल' अशा अपेक्षेने जाल तर सहा वाजता पाणी सगळ्यात दूर गेलेलं दिसेल. हे माहीत नसल्याने किती लोक हिरमुसून परततात.

मग जायचं कधी?

पाणी चढताना बघायचं असेल तर एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. शुद्ध असो वा वद्य. भरतीचा वेग सहा तास सारखा नसतो. सुरुवातीला पाणी रेंगाळत चढतं, मधल्या दोन तासांत झपाट्याने, शेवटी पुन्हा रेंगाळतं. एकादशीला दुपारी दोनच्या सुमाराला ओहोटी संपते, सव्वाआठला भरती पूर्ण होते. म्हणजे झपाट्याचे तास येतात ते चार ते सहाच्या मध्ये, अगदी आपण बाकावर बसलेले असताना. सूर्यास्तही त्याच्या पाठोपाठ.

पाणी कठड्यापर्यंत आलेलं, शांत, असं बघायचं असेल तर सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ. वयस्क माणसांना ती आवडते.

खडक, खेकडे, चिखलातली दुनिया बघायची असेल तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ. चतुर्थी-पंचमीला पाणी उतरताना दिसतं, तेही छान.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एकादशीच धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. उपास असला तर राजगिऱ्याचे लाडू बरोबर घ्या.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर घाम फार. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश होतात तरी घाम वाळतो, मुंबईत ३३ अंशांतही पदर ओला. पावसाळ्यातला समुद्र बघायची इच्छा पुष्कळांना असते. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचा इशारा असेल त्या दिवशी मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन मुळीच जाऊ नका. त्या दिवसांत लाटा कठड्यावरून आत येतात.

जायचं कसं

बडोद्याहून मुंबई सुमारे ३९० किलोमीटर. शताब्दी किंवा वंदे भारत असेल तर बोरिवली चारेक तासांत येतं, साध्या एक्सप्रेसने पाच. बोरिवलीला उतरून चर्चगेटकडे जाणारी फास्ट लोकल घेतली की ती बांद्र्याला थांबते. एक घोटाळा आपल्या लोकांचा नेहमी होतो: बांद्रा टर्मिनस आणि बांद्रा लोकलचं स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या टर्मिनसला संपतात, ते पूर्वेला आहे. तिथून सामान घेऊन पश्चिमेला चालत जायचा विचार करू नका.

नातेवाईक दादरला असतील तर दुपारी साडेतीनच्या आत निघा. पाचनंतर दादरहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना जी गर्दी होते तिची कल्पना बडोद्यात बसून येत नाही. स्लो लोकल पकडा: माटुंगा रोड, माहीम, मग बांद्रा. विरार फास्टमध्ये बांद्र्यासाठी चढू नये. उतरायला मिळत नाही आणि आतली माणसं रागावतात, त्यांचंही बरोबरच असतं.

दादरला रिक्षा शोधत फिरू नका. मुंबईत रिक्षा बांद्र्यापासून पुढे उत्तरेला चालतात, दादर-माहीमला टॅक्सी. बांद्रा स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की रिक्षा मिळते. "कार्टर रोड, जॉगर्स पार्क" एवढं सांगायचं आणि मीटर बघायचा. आपल्यासारखी आधी घासाघीस नाही, मीटरवर आलेले पैसे द्यायचे.

बरोबर काय घ्यावं

थोडकं. तळ घट्ट पकडणारी चप्पल किंवा बूट, मुलाला एक जादा सदरा, प्रत्येकी एक पाण्याची बाटली, मऊ सुती फडकं. चष्मा असणाऱ्यांनी फडकं विसरू नये, अर्ध्या तासात काचेवर खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो. तो कोरडाच घासला तर काचेला ओरखडे पडतात. आधी पाण्याचे दोन थेंब टाका, मग पुसा.

खाण्याबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण आपण बडोदेकर लिला चिवडा आणि भाकरवडी घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. समुद्राच्या हवेत कुरकुरीत काही टिकत नाही. पिशवीचं तोंड उघडं राहिलं की वीस मिनिटांत शेव सादळते. फिरकीच्या झाकणाच्या लहान लहान डब्यांत भरा आणि एका वेळी एकच डबा उघडा. खाणं बागेत न काढता बाहेर कार्टर रोडच्या कट्ट्यावर काढा. तिथे बसायला लांबच लांब जागा आहे. कावळे फार धीट आहेत, लहान मुलाच्या हातातला घास खरंच उचलतात. कागद-पिशव्या परत आणा, कारण वाऱ्याने उडालेली पिशवी दुसऱ्या क्षणी पाण्यात असते आणि मग ती कोणाच्याच हाती लागत नाही.

आत शिरल्यावर

दारातून आत गेल्यावर लगेच वाटेवर पाऊल टाकू नका. मिनिटभर उभं राहून लोक कुठल्या बाजूने फिरताहेत ते बघा आणि त्याच बाजूने, कडेकडेने चाला. पळणारी माणसं मागून येतात. आपण पाच जण हात धरून वाट अडवून चाललो की त्यांना खाली उतरावं लागतं. आपल्या लोकांना एकमेकांशी मोठ्याने बोलायची सवय आहे, इथे आवाज जरा आवरता घ्यावा.

बाकांचं म्हणाल तर ठरावीक वेळी ठरावीक मंडळी ठरावीक बाकांवर बसतात. कोणाच्या नावाची पाटी नसते, तरी रोजच्या माणसाला आपली जागा असते. आईने एका बाकावर पिशवी ठेवली आणि एक काका समोर येऊन नुसते उभे राहिले. तिने विचारलं, "तुमची जागा आहे का हो?" ते म्हणाले, "बसा, बसा, मी या बाजूला बसतो." मग पाऊण तास दोघं बोलत बसले. त्यांचं लहानपण भावनगरला गेलं होतं, म्हणून निम्मं बोलणं गुजरातीत झालं. विचारून बसलं की माणूस मिळतो.

फोटो काढताना दुसऱ्याच्या अंगावर कॅमेरा जाणार नाही असं बघा. समुद्राकाठी तरुण जोडपी बसलेली असतात, त्यांच्याकडे वळून वळून बघू नये आणि मुलांनाही तसं सांगून ठेवावं. गर्दीच्या शहरात दोन माणसांना बोलायला जागाच कुठे असते?

एक दगड निवडा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि मुलं नसली तरी करा.

कठड्याशी बसा आणि समोरच्या खडकांतला एक दगड नेमून घ्या. साधारण घरातल्या पाटाएवढा, पाण्यापासून थोडा आत, ओळखता येईल असा. त्याला नाव द्या. आमच्या पोराने निवडलेल्या दगडाला एका बाजूला सोंडेसारखा फुगवटा होता म्हणून तो 'हत्ती' झाला. साडेचार वाजता हत्ती पूर्ण कोरडा होता. त्याच्या अंगावर दोन रंग होते: वरचा भाग राखी, आणि खाली एक आडवी रेघ, जिच्याखाली सगळं काळपट-हिरवं. ती रेघ नीट बघा. दगडाचा जो भाग जास्त वेळ पाण्याखाली राहतो तिथवर शेवाळ धरतं आणि शंखशिंपले चिकटतात. त्या रेघेवरून दगडाचा कुठला भाग जास्त वेळ पाण्यात असतो ते आधीच वाचता येतं.

पाच वाजता एक लांब लाट आली आणि हत्तीच्या पायाशी फुटली. नंतर बराच वेळ काही नाही. पोरगा कंटाळला, फेरी मारून आला. सव्वापाचला हत्तीच्या दोन्ही बाजूंच्या घळींत पाणी शिरलं होतं आणि ते आता मागे जात नव्हतं, नुसतं वरखाली होत होतं. त्यातलं एक पानाचं देठ वर यायचं, खाली जायचं, पण दर वेळी बोटभर वर. साडेपाचला हिरवी रेघ बुडाली. "सोंड गेली!" तो ओरडला तेव्हा शेजारच्या बाकावरच्या दोन आज्याही उठून कठड्याशी आल्या. पावणेसहाला नुसती पाठ उरली, तिच्यावर एक बगळा येऊन बसला. एक लाट आली, बगळ्याने पाय उचलला. दुसरी आली, तो उडाला. हत्ती नव्हताच आता, तिथे पाण्याचा एक फुगवटा तेवढा दिसत होता.

सव्वा तास. एवढ्या वेळात पोराने खाऊ मागितला नाही.

हे बघायला किमान दोन तास एका जागी बसण्याची तयारी ठेवा. अर्ध्या तासाकरता जाणार असाल तर एवढा प्रवास करू नका, दादरलाच बसून गप्पा मारा.

झाडं आणि पक्षी

समुद्राकाठी आपल्याकडची सगळी झाडं जगत नाहीत. खारा वारा पानं जाळतो. टिकतात ती जाड, चिवट पानांची: नारळ, उंडी, भेंड, करंज. पान हातात घेऊन बघा, आपल्या आंब्याच्या पानापेक्षाही उंडीचं पान जाड आणि तुकतुकीत असतं. तोडू नका, खाली पडलेलं उचला.

वेळ असेल तर बागेतून बाहेर पडून कार्टर रोडने उत्तरेकडे चालत जा. काठाच्या चिखलात तिवरांची झाडं आहेत. त्यांच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो टोकं वर आलेली दिसतील. ती रोपं नव्हेत, ती मुळंच. चिखलात हवा नसते म्हणून श्वास घ्यायला मुळं वर येतात. पाणी उतरलेलं असताना त्या टोकांच्या मधे खेकडे आणि निवट्या बघायला मिळतात. निवटी हा मासा पाण्याबाहेर चिखलावर सरपटतो, उड्या मारतो. मुलांना दाखवायचा असेल तर एका जागी पाच मिनिटं न हलता उभं राहावं लागतं. तिवर हा काठाचा बांध आहे, लाटांचा मारा तो अंगावर घेतो. म्हणून त्यांत कागद किंवा प्लास्टिक अडकलेलं बघून जीव तुटतो.

थंडीत कुरव पक्षी येतात, पांढरे-राखाडी, पाण्यावर थव्याने. त्यांना शेव-गाठिया टाकणारे लोक दिसतील. तुम्ही टाकू नका, ते त्यांचं खाणं नव्हे.

कार्टर रोडच्या दोन्ही टोकांना कोळीवस्ती आहे, दक्षिणेला चिंबई आणि उत्तरेला खार दांडा. वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास येईल. आपल्यातले शाकाहारी लोक नाकाला पदर लावतात, ते कृपा करून करू नका. आपण त्या लोकांच्या दारात पाहुणे आहोत. ते इथे शतकानुशतकं राहत आहेत, आणि तिथीचा तो हिशेब आपल्याला याच लोकांकडून मिळाला आहे.

कठड्याच्या पलीकडे जाऊ नका

इथे मी कडक बोलणार आहे. ओहोटीला खडक उघडे पडतात, लोक उतरलेले दिसतात, आणि पोरं हात ओढायला लागतात. उतरायचं नाही. खडकांवरचं शेवाळ तेलासारखं निसरडं असतं. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, पडलं की नुसतं खरचटत नाही, कापतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भरतीचं पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. ते आधी सखल घळी भरतं. तुम्ही पुढच्या खडकावर समुद्राकडे तोंड करून उभे असता आणि तुमच्या मागची वाट बुडालेली असते. बडोद्यात आपण विश्वामित्रीच्या काठाला मुलांना जाऊ देत नाही, कारण तिथे मगरी आहेत आणि त्या दिसतात. इथे दिसत काही नाही, म्हणून जास्त जपायचं.

फोन कठड्याबाहेर धरून फोटो काढू नका. लहान मुलाला कठड्यावर बसवू नका, 'मी धरलंय ना' म्हणूनसुद्धा नाही.

मुंबईला जाणं जमत नसेल तर

बडोद्याहून दिवसभरात जाऊन यायचं असेल तर जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला जा. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पिंडी पुन्हा उघडी होते. बाग नाही, बाकही मोजके, समोर निळा समुद्रही नाही. खंभातच्या आखाताचं मातकट पाणी. पण पाणी चढणं म्हणजे काय ते तिथे मुंबईपेक्षाही ठळक दिसतं. आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे येणारं पाणी दाटतं आणि उंच चढतं. पलीकडे भावनगरला भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो, मुंबईला जास्तीत जास्त पाचेक. मात्र पाऊणपटीचा हिशेब इथे लावू नका. आखातात भरती मुंबईच्या नंतर काही तासांनी पोचते. वेळा मंदिरातच तिथीप्रमाणे विचारून घ्या आणि तिथली माणसं मागे व्हा म्हणाली की लगेच मागे व्हा.

परतताना

सूर्यास्ताची वेळ मुंबईत आणि आपल्याकडे जवळजवळ सारखीच: डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनमध्ये सव्वासात. सूर्य बुडाला की अर्धी गर्दी उठते. तुम्ही उठू नका, आणखी वीस मिनिटं बसा. एकादशीला पाणी अजून चढत असतं आणि दिवे लागल्यावर त्याचा आवाज जास्त जवळ वाटतो. शिवाय तेवढ्यात बाहेर रिक्षांची झुंबडही ओसरते.

बांद्र्याहून दादरकडे जायला संध्याकाळी त्रास नाही, त्या दिशेच्या गाड्या त्या वेळी मोकळ्या असतात. बोरिवलीकडे जायचं असेल तर मात्र आठनंतरच स्टेशनवर जा, किंवा बांद्र्याहूनच सुटणारी लोकल असेल तर तिची वाट बघा, बसायला मिळतं. घरी पोचल्यावर आधी हातपाय आणि चेहरा साध्या पाण्याने धुवा, नाहीतर रात्री कातडी चरचरते. मुलांचे केसही. आणि पुढची एकादशी किती तारखेला आहे ते त्याच रात्री बघून ठेवा, कारण बडोद्याची तिकिटं आधी काढावी लागतात.